टापांचा ठेका

गेल्या मार्गशीर्षात महाडला सर्कस आली आणि आमच्या घरात एकच धांदल उडाली. धाकटी तर तिकिटे काढण्याआधीच घरात कोलांट्या मारू लागली. पण खरे नवल पुढेच होते. पोलादपूरहून वडिलांचा निरोप आला, ‘मलाही न्या.’

अण्णांचे वय ७८. डोळ्यांना आता उजेड आणि सावली एवढेच कळते.

‘‘अण्णा, तुम्ही येऊन काय पाहणार?’’ मी बोलून गेलो आणि लगेच जीभ चावली.

‘‘पाहायचं कुठं म्हणतोय मी? ऐकीन.’’

वाटेत त्यांनी कधी न सांगितलेली हकीकत सांगितली. नऊ वर्षांचे असताना ते आजोबांबरोबर पोलादपूरहून महाडपर्यंत सर्कस पाहायला चालत आले होते. तिकिटापुरते पैसे भरेनात. बापलेक तंबूबाहेर उभे राहिले, बँड आणि घोड्यांच्या टापा ऐकल्या आणि आल्या वाटेने परत फिरले.

सर्कस जन्मली ती टापांतूनच. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप अ‍ॅस्टली या माजी घोडेस्वाराने गोल धावणाऱ्या घोड्यावर उभे राहण्याचे खेळ सुरू केले. गोल फिरताना स्वार आत झुकतो, तिथे त्याला तोल सापडतो. त्यासाठी रिंगण पुढे ४२ फुटांचे ठरले. आपल्याकडे कुरुंदवाडकरांच्या पदरी असलेल्या विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत किआरिनी या इटालियनाची सर्कस पाहिली आणि १८८० साली स्वतःची सर्कस उभी केली. पंत ग्वाल्हेरला घोड्याची विद्या शिकले आणि तिथेच हद्दूखाँसाहेबांकडे गाणेही शिकले. या दोन विद्यांचा संबंध काय, हे मला त्या रात्री कळले.

वाघ-सिंह, अस्वले, माकडे आता रिंगणात नाहीत. त्यांच्या खेळांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली कायम केली. झोपाळ्यांची कामे झाली, विदूषक पडून उठले, आणि पडदा सारून घोडा आला.

‘‘आजोबा, पांढराशुभ्र आहे! एक ताई त्याच्या पाठीवर उभी राहिलीय!’’ धाकटी कानाशी लागून सांगत होती.

अण्णांची बोटे मांडीवर वाजू लागली. भजनात मृदंग वाजवण्यात त्यांचा जन्म गेला. ‘‘दादरा आहे हा,’’ ते पुटपुटले. खरेच, घोड्याची ती चाल तीन ठोक्यांची असते. ती एकसारखी राहिली तरच पाठीवरच्या माणसाला उडी घेता येते.

एकाएकी त्यांची बोटे थांबली. ‘‘चुकला.’’

दुसऱ्याच क्षणी ती मुलगी भुशात कोसळली. तंबू चिडीचूप झाला. ती उठली, कपडे झटकले, घोड्याजवळ गेली आणि त्याची मान थोपटली. त्याला दोन फेऱ्या मोकळे धावू दिले. अण्णांची बोटे पुन्हा चालू लागली. ‘‘हां, आता बसला,’’ ते म्हणाले, आणि ती त्याच्या पाठीवर चढून कड्यातून पार झाली. सगळा तंबू टाळ्यांनी दणाणला.

बाहेर पडताना धाकटीने विचारले, ‘‘आजोबा, घोड्याला आवडत असेल का हो हे?’’

‘‘ते त्यालाच विचारायला हवं, बाळ. पण ती पडल्यावर तिनं आधी त्याची मान थोपटली, असं तूच सांगितलंस ना? तेवढं तरी बरं.’’

फाटकाबाहेर अण्णा क्षणभर थांबले. आत पुढच्या खेळाचा बँड सुरू झाला होता.

‘‘इथूनही चांगलं ऐकू येतं,’’ ते म्हणाले, ‘‘पण आत बसून ऐकलेलं वेगळं!’’