टॉवरच्या खंदकातील तांबडी फुले

लंडनच्या टॉवर या प्राचीन दुर्गाभोवतालचा जो खंदक एकोणिसाव्या शतकात कोरडा करण्यात आला, आणि ज्यात १९१४ च्या ऑगस्टात शहरातील पेढ्यांतून व दलालांच्या कचेऱ्यांतून फौजेत दाखल झालेल्या तरुणांनी शपथ घेतली, त्याच खंदकात शंभर वर्षांनी, २०१४ च्या जुलैपासून, भाजक्या मातीची तांबडी फुले रोवली जाऊ लागली. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ब्रिटिश व वसाहतींच्या सैनिकांपैकी दरेकामागे एक, अशी ती ८,८८,२४६ फुले होती.

कल्पना पॉल कमिन्स या मृत्तिकाशिल्पीची, मांडणी नेपथ्यकार टॉम पायपर यांची. फूल पॉपीचे, तोफगोळ्यांनी उलथलेल्या फ्लँडर्सच्या भूमीत आपसूक उगवलेले, खसखशीच्या कुळातील हे रानफूल इंग्रजांच्या लेखी मृतांच्या स्मरणाचे चिन्ह ठरले आहे. साच्यातून अशी फुले झरझर काढता आली असती; परंतु लाटलेल्या मातीतून पाकळ्या कापाव्यात, त्यांचे थर एकमेकांवर बसवून बोटांनी मुरड द्यावी, मग भट्टी, तांबडी झिलई आणि पोलादी सळईचा देठ, असा हातकामाचा शिरस्ता पाळल्यामुळे एकासारखे दुसरे फूल निपजले नाही. या कृतीचे सारे सामर्थ्य मला या श्रमातच दिसते. कारण दफ्तरातील आठ लक्षांचा आकडा वाचून मन हलत नाही, तो एकेक करून हातांखालून जावा लागतो.

रोवणीला हजारो स्वयंसेवक आले. दररोज सायंकाळी १८० मृतांची नावे वाचली जात आणि मग बिगूल वाजे. ११ नोव्हेंबरला, युद्धविरामाच्या दिनी, एका कुमारवयीन छात्रसैनिकाने अखेरचे फूल रोवले, तोवर सुमारे ५० लक्ष लोक खंदकाच्या काठाशी येऊन गेले होते. युद्धाच्या चिखलाला व विद्रूपतेला असे देखणे रूप देणे हा सत्याचा अपलाप होय, असा आक्षेप काही टीकाकारांनी घेतला, आणि तो उपेक्षणीय नाही; तथापि त्या देखणेपणामुळेच इतके लोक तेथवर आले आणि मृतांच्या संख्येसमोर उभे राहिले, हेही तितकेच खरे. पुढे बहुतेक फुले २५ पौंडांस एक याप्रमाणे विकली जाऊन घरोघर गेली, आणि उत्पन्नाचा वाटा सैनिकांच्या साहाय्यार्थ झटणाऱ्या सहा संस्थांना मिळाला.

मराठी वाचकाने याच्या शेजारी इराकातील बसऱ्याचे स्मारक ठेवून पाहावे. मेसोपोटेमियाच्या ज्या मोहिमेत पुणे डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी लढल्या व कूतच्या वेढ्यात सापडल्या, तिच्यातील मृतांच्या त्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या आहे. ज्यांच्या घरी त्या मोहिमेतल्या एखाद्या पूर्वजाचे पदक वा कागद असेल, त्यांनी त्याचे नाव लिहून ठेवावे.