मातामृत्यूची कारणं, भाग ६ : पाच गोळ्यांची पट्टी

गेल्या आठवड्यात आपण बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाबद्दल वाचलं. आजचं कारण त्याच्या शेजारचंच, पण घरात त्याचा उच्चार होत नाही आणि सरकारी दप्तरात ते पुष्कळदा भलत्याच रकान्यात जाऊन बसतं. ते म्हणजे गर्भपात. गर्भारपणात, किंवा ते संपल्यानंतरच्या ४२ दिवसांत, त्याच्याशी निगडित कारणाने बाई दगावली तर तो मातामृत्यू. मूल जन्माला यायलाच हवं अशी अट या व्याख्येत नाही. नमुना नोंदणी योजनेच्या १९९७ ते २००३ या काळातल्या आकड्यांनुसार देशातल्या मातामृत्यूंपैकी ८ टक्के गर्भपाताच्या खात्यावर होते. मी याला ‘निदान ८ टक्के’ म्हणेन. का, ते पुढे येईलच.

वाराणसी घेऊ. आपल्या लेखी ही काशी, गंगेची आणि ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडच्या जुन्या मराठी घरांची. डॉक्टरांच्या लेखी मात्र ते पूर्वांचलाचं शेवटचं ठिकाण. बनारस हिंदू विद्यापीठाचं सर सुंदरलाल रुग्णालय किंवा कबीरचौऱ्याचं सरकारी महिला रुग्णालय, इथे चंदौली, गाझीपूर, जौनपूर, मिर्झापूरहून आणि सीमेपलीकडच्या बिहारमधूनही बायका आणल्या जातात. वेळेवर आणल्या तर वाचतात. २०१८-२० मध्ये उत्तर प्रदेशात दर लाख जिवंत जन्मांमागे १६७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३.

आता पट्टीकडे वळू. मिफेप्रिस्टोनची एक गोळी आणि मिसोप्रोस्टॉलच्या चार. पहिली गोळी गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाचं काम थांबवते. एक-दोन दिवसांनी घ्यायच्या चार गोळ्या गर्भाशयाला कळा आणून ते रिकामं करतात. दुकानात या पट्टीला नुसतं ‘किट’ म्हणतात. चिठ्ठीशिवाय ती विकायची नाही, असं वेष्टनावर छापलेलं असतं. पण काउंटरवर बहुधा नवराच उभा असतो. तो दबक्या आवाजात किट मागतो, दुकानदार कागदात गुंडाळून देतो. किती आठवडे झाले, हे विचारण्याइतकंही बोलणं होत नाही.

आणि प्रश्न तर तोच आहे. ही पट्टी नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी मंजूर आहे. तेवढ्यात घेतली तर बहुतेक बायकांचं व्यवस्थित निभावतं, हेही इथेच सांगायला हवं. पण पाळी चुकल्याचं उशिरा लक्षात आलं, मग पंधरवडा घरगुती काढ्यांत गेला, आणि चौदाव्या आठवड्यात त्याच पाच गोळ्या घेतल्या, तर वार अर्धवट आत राहते. गर्भाशय पुरतं आवळत नाही, रक्त वाहत राहतं. तासाला दोन मोठे पॅड भिजू लागले आणि सलग दोन तास तसंच चाललं, तर ते धोक्याचं. पण ‘गोळी घेतली की जातंच’ एवढंच कानावर असलेली बाई वाट पाहते. आत राहिलेला भाग सडू लागला की थंडी वाजून ताप, दुर्गंधीयुक्त स्राव आणि शेवटी जंतुसंसर्ग रक्तात. उत्तर प्रदेशातल्या निम्म्या स्त्रियांना मुळातच रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन ११ असलेली बाई जेवढा स्राव सोसते, तेवढ्यातच ७ वाली कोसळते.

याहून फसवा प्रकार गर्भनलिकेतल्या गर्भाचा. त्यावर या गोळ्या चालत नाहीत, पण रक्त तर जातं. काम झालं असं वाटतं. आत नळी वाढत्या गर्भाने फुटते आणि सगळा रक्तस्राव पोटात होतो, बाहेर फारसं काही दिसतच नाही. चेहरा पांढराफटक, नाडी पळणारी, खांदा दुखतोय म्हणणारी बाई रुग्णालयात येते, आणि सोबतचे गोळ्यांचा विषय टाळतात. निदानाचा अर्धा तास तिथेच जातो.

मग गोळ्याच बंद कराव्यात? हा उपाय आपण महाराष्ट्रात करून पाहिला. २०१२ साली स्त्रीभ्रूणहत्येवर रान उठलं तेव्हा औषध प्रशासनाने दुकानांवर धडाका लावला आणि अनेक विक्रेत्यांनी किट ठेवणंच सोडलं. गंमत अशी की गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या, आणि सोनोग्राफीत लिंग कळायला बारा-तेरा तरी उलटावे लागतात. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमधल्या अभ्यासाप्रमाणे २०१५ मध्ये देशात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. काडी घालणाऱ्या दाईपेक्षा या गोळ्या कैक पटींनी सुरक्षित. उणीव आहे ती शेजारी विचारायला माणूस नसण्याची.

गर्भपाताचा कायदा तर आहे. १९७१चा, १ एप्रिल १९७२ पासून लागू. त्याआधी १८६०च्या दंडसंहितेप्रमाणे बाईचा जीव वाचवण्यापुरताच गर्भपात क्षम्य होता. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा वाट मोकळी झाली. २०२१च्या दुरुस्तीने काही गटांसाठी मुदत २४ आठवड्यांवर नेली. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. हे वाराणसीच्या वस्तीत सोडा, पुण्यातल्या सोसायटीत किती जणींना ठाऊक आहे? आणि सरकारी रुग्णालयात प्रशिक्षित डॉक्टर ठरलेल्या वारी हजर असेलच याची खात्री गावातून निघताना कुणी देत नाही. दुकान मात्र रोज उघडं असतं.

कायद्याने मृत्यू किती झपाट्याने बदलतात हे रुमानियात दिसलं. १९६६ मध्ये तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने गर्भपातावर बंदी घातली, मातामृत्यू चढत गेले. १९८९ च्या अखेरीस बंदी उठली आणि वर्षभरात ते निम्म्यावर आले. आपल्याकडे तसं नाट्य घडलं नाही, कारण कायदा कागदावर आला तरी सोय तालुक्यापर्यंत पोचली नाही.

आता त्या ‘निदान ८ टक्क्यां’कडे. मोजणीचं दुखणं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. १८८४ साली समाजसुधारक मलबारींच्या सक्तीच्या वैधव्यावरील टिपणावर मत देताना त्यांनी हिशेब मांडला : पस्तीस गर्भवती विधवा येऊन बाळंत झाल्या, त्यांची पाचच मुलं जगली. उरलेली तीस, गर्भ लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांच्या इजेने गेली. फुल्यांच्या दारापर्यंत आल्या त्या या पस्तीस. औषधाने वाटेतच गेलेल्या कुठल्याच हिशेबात नाहीत.

आजही तसंच होतं. रुग्णालयात पोचून दगावलेल्या बाईच्या कागदावर ‘रक्तस्राव’ किंवा ‘सेप्सिस’ लिहिलं जातं, आणि ते खोटंही नसतं. गावातच गेली तर घरचे पोटदुखी सांगतात. बदनामी नको, पोलीस नकोत, आणि गर्भलिंगनिदानाच्या कायद्यात आपण अडकू ही एक भीती. मातामृत्यू आढाव्याच्या पद्धतीत १५ ते ४९ वयाच्या प्रत्येक बाईच्या मृत्यूची खबर आशाताईने द्यायची असते आणि ती गरोदर होती का, हे तपासायचं असतं. पण आशाताई त्याच गल्लीतली. उद्या त्याच घरात लसीकरणाला जायचंय. ती पुन्हा विचारत नाही, रकान्यात ‘नाही’ लिहून पुढच्या दारी जाते.

(पुढील भागात : गरोदरपणातला रक्तदाब आणि झटके)