चाळीस मिनिटांचा हंगाम

कळंबच्या किनाऱ्यावर व्हॉलीबॉल सहज खेळता येतो, बास्केटबॉल येत नाही. कारण अगदी साधे आहे. वाळूवर चेंडू उसळत नाही. व्हॉलीबॉलला दोन खांब रोवले, जाळी बांधली की भागते. बास्केटबॉलला मात्र २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद असे टणक, सपाट मैदान लागते आणि दोन्ही टोकांना ३.०५ मीटर उंचीवर कडी लागते. त्यामुळे कळंब, राजोडी, निर्मळ या पट्ट्यातल्या मुलाच्या हाती हा चेंडू येतो तो बहुधा शाळेच्या किंवा कॉलेजच्या आवारातच. म्हणून कॉलेजच्या संघाचा हंगाम त्याच्यासाठी महत्त्वाचा. हा हंगाम असतो तरी कसा, ते आज आपण समजून घेऊ.

गंमत अशी की, या खेळाचा जन्मच हंगामातली पोकळी भरून काढण्यासाठी झाला. डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ हे शिक्षक होते. बाहेर कडाक्याची थंडी, विद्यार्थी कंटाळलेले. त्यांना छपराखाली खेळता यावे म्हणून नेस्मिथ यांनी पीचच्या टोपल्या कठड्याला टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. हवामानाला चुकवण्यासाठी निघालेला हा खेळ आपल्याकडे मात्र उघड्या सिमेंटच्या मैदानावर आला, आणि हवामानाच्याच तावडीत सापडला. जूनमध्ये कॉलेज उघडते, संघनिवड होते, आणि नेमका तेव्हाच पाऊस धरतो. ओल्या सिमेंटवर धावणे म्हणजे पाय मुरगळून घेणे.

आता स्पर्धांची उतरंड पाहा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, तरी वसई-विरारची कॉलेजे मुंबई विद्यापीठाकडेच राहिली. पहिली पायरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची. त्यातून विद्यापीठाचा बारा जणांचा संघ निवडला जातो. तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो, आणि तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेत जातात. शिडी मोठी सुरेख आहे. प्रश्न आहे तो पहिल्या पायरीचा.

या पायरीवरच्या सुरुवातीच्या फेऱ्या बहुतेक बाद पद्धतीने खेळवल्या जातात. हरला, तो घरी गेला. समजा, बत्तीस संघ आहेत. पहिल्या फेरीनंतर सोळा संघांचे आव्हान संपते. दुसऱ्या फेरीनंतर आणखी आठांचे. म्हणजे निम्म्या संघांना एकच सामना मिळतो. सामना दहा-दहा मिनिटांच्या चार डावांचा, एकूण ४० मिनिटांचा. दोन-दोन महिने पहाटे उठून सराव करायचा आणि वर्षाचा हंगाम ४० मिनिटांत आटोपायचा! बारा जणांच्या संघात एका वेळी मैदानावर पाचच असतात. बाकावर बसलेल्या बाराव्या मुलाचा हंगाम कित्येकदा शून्य मिनिटांचा असतो.

यात विद्यापीठाला दोष देऊन चालणार नाही. कॉलेजे अनेक, मैदाने आणि पंच मोजके, सत्र परीक्षा तोंडावर. थोड्या दिवसांत विजेता ठरवायचा तर बाद पद्धतच सोयीची. पण ही पद्धत खेळाडू निवडते, घडवत नाही. हा फरक लक्षात घ्यायला हवा.

कारण बास्केटबॉलमध्ये काही गोष्टी सामन्याशिवाय येतच नाहीत. चेंडू कडीत टाकणे एकट्यानेही घोटता येते. पण चेंडू ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांत कडीकडे फेक झालीच पाहिजे, हे दडपण सरावात कसे कळणार? पाचव्या वैयक्तिक फाऊलला खेळाडू बाहेर जातो. चार फाऊल झालेल्या मुलाने बचाव कसा करायचा, त्याला केव्हा बसवायचे आणि केव्हा परत आणायचे, हे प्रशिक्षकही सामन्यातच शिकतो. पराभवानंतर आठ दिवसांनी पुन्हा उभे राहणे तर एकाच सामन्यात कुणालाच शिकता येत नाही.

अमेरिकेत कॉलेजचा पुरुष संघ नोव्हेंबर ते मार्च या काळात तीसच्या आसपास सामने खेळतो. तिथेही सामना ४० मिनिटांचाच. तिथली ६८ संघांची मार्चमधली बाद स्पर्धा जगभर गाजते खरी, पण संघ तिथवर येतात ते महिनोन्‌महिने खेळून. तेवढा पैसा आपल्याकडे नाही हे खरेच. पण मग मुंबईतल्या नागपाड्याकडे पाहा. दाटीवाटीची, कष्टकऱ्यांची वस्ती. तिथल्या उघड्या मैदानाने भारताचे कर्णधार, १९७० सालचे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर यांच्यासारखे खेळाडू दिले. मैदान गल्लीजवळ होते आणि खेळायला समोर कुणीतरी रोज होते. खेळाडू घडायला एवढे पुष्कळ होते.

हे आपल्या तालुक्यात जमण्यासारखे आहे. हिशेब करू. वसई, विरार, सातपाळे परिसरातल्या चार कॉलेजांनी मिळून साखळी स्पर्धा घ्यावी. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे. एकूण बारा सामने, दर रविवारी दोन. सहा रविवारांत स्पर्धा पूर्ण! प्रत्येक संघाला सहा सामने, म्हणजे २४० मिनिटे. ४० वरून २४०. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा भरते तेव्हा पाऊस सरलेला असतो. तिथून पुढचे रविवार परीक्षांच्या तारखा पाहून ठरवता येतील. प्रवास जवळचा, खर्च पंचांच्या मानधनाचा आणि चेंडूंचा.

पूर्ण मैदान नसेल तर तीन विरुद्ध तीन हा प्रकार आहे. त्याला अर्धे मैदान आणि एकच कडी पुरते. सामना दहा मिनिटांचा, किंवा आधी २१ गुण होतील तोवर. टोकियोच्या ऑलिंपिकपासून, म्हणजे २०२१ पासून, ऑलिंपिकमध्येही तो खेळला जातो. कळंबसारख्या गावात सिमेंटचा एक चौकोन आणि एक खांब उभारणे ग्रामस्थांना अवघड नाही.

सरकारी नोकरीतले पाच टक्के खेळाडू आरक्षण मोलाचे आहेच, पण ते पदकापर्यंत पोचणाऱ्या थोड्यांसाठी. उरलेली मुले कशासाठी खेळतात? खेळायला मिळावे म्हणून! त्यांना वर्षातून एकदा चिठ्ठीत निघेल तो प्रतिस्पर्धी आणि एक सामना देऊन आपण मोकळे होतो. पुढच्या वर्षी कॉलेजच्या फलकावर संघाची यादी लागेल, तेव्हा तिच्याखाली सामन्यांच्या किमान सहा तारखाही असाव्यात. एवढे झाले, तरच त्याला हंगाम म्हणता येईल.