इंधन आणि समिधा

होळीपौर्णिमा जवळ आली की लाकूड वाचविण्याचे उपदेश चोहीकडून सुरू होतात. आम्हीही ते पुष्कळ केले आहेत. पूर्वरंगात अग्नीचे माहात्म्य सांगावे, उत्तररंगात एखादे आख्यान लावावे आणि आरतीपूर्वी 'वृक्ष तोडू नका, धुराची चूल सोडा, सूर्याची शक्ती वापरा' असे श्रोत्यांस बजावावे, हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ. तो साखरशेत येथे मोडला. कसा मोडला, ते होळीच्या निमित्ताने वाचकांपुढे मांडीत आहोत.

त्र्यंबकेश्वरी आमचे वास्तव्य. तेथून तोरंगणचा घाट उतरून मोखाड्याकडे निघाले म्हणजे फाल्गुनात पळस फुललेला दिसतो, आणि उन्हे चढू लागली की डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या बायांची रांग रानातून खाली येऊ लागते. याच जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत साखरशेत आहे. नावात साखर असली तरी हा मुलूख भात, नागली आणि वरईचा. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशी येथील वस्ती. पावसाळ्यात पाऊस थांबता थांबत नाही. वैशाखात मात्र कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. मोखाडा तालुक्यातच २०१४ साली पूर्ण झालेल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईच्या नळांना जाते. येथील डोंगराने दुसऱ्यांसाठी काय काय वाहिले, याची ही केवळ एक नोंद.

काही वर्षांपूर्वी फाल्गुनात साखरशेतला आमचे कीर्तन झाले. उपदेश ठरल्याप्रमाणे झाला. शेवटी नमस्काराला आलेल्या मंडळींत एक वृद्ध वारली बाई होती. नमस्कार करून ती तेथेच बसली आणि म्हणाली, "बुवा, तुमच्या गावच्या सप्त्याला मी आलेली. पंगतीत जेवले. त्या मोठ्या कढईखाली काय जाळता?"

आम्ही म्हटले, "लाकूड."

"कुठलं?"

येथे आमची वाणी खुंटली. सप्ताहाच्या त्या सात दिवसांत दोन ट्रॅक्टर लाकूड लागे. ते घाटाखालून येते हे आम्हांस ठाऊक होते; त्याचा विचार मात्र कधी केला नव्हता. बाई काही आम्हांस लाजवावयास बोलली नव्हती. तिची सून दोन तास चालून जी मोळी आणते तीवर चार दिवस चूल चालते. मग एवढ्या कढईला किती मोळ्या लागत असतील, एवढाच तिचा सरळ हिशेब होता.

संस्कृतात 'इन्ध्' म्हणजे पेटविणे. या एकाच धातूपासून 'इंधन' हा शब्द झाला आणि 'समिधा' हाही झाला. चाळीस वर्षे आम्ही हे विद्यार्थ्यांस शिकविले. वेदीतील काष्ठाला समिधा म्हणून वंदन करावे आणि बाईच्या डोक्यावरील काष्ठाला वृक्षतोड म्हणून दोष द्यावा, हा भेद व्याकरणाने केलेला नाही. तो आम्ही केला.

दुसरे दिवशी त्या बाईच्या घरी गेलो. कोपऱ्यात गॅसचे सिलिंडर होते, त्यावर धुतलेले फडके घातलेले होते. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेस, आठ कोटीवी जोडणी देण्यात आली. एवढ्या घरांत ज्योत पोहोचणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि तिची थट्टा करणारांत आम्ही नाही. परंतु २०१९-२० मध्ये या लाभार्थींनी वर्षाला घेतलेली सिलिंडरे सरासरी तीनच्या आसपास होती. सगळा स्वयंपाक गॅसवर करणाऱ्या पाच माणसांच्या घरास सात-आठ तरी लागतात. मधल्या भाकऱ्या कशावर भाजल्या गेल्या, हे सांगावयास नको. आपल्या देशातील निम्म्याहून अधिक गॅस समुद्रापलीकडून येतो. तिकडे भाव चढला की साखरशेतच्या सुनेने पुन्हा कोयता उचलावा, असा हा संबंध आहे.

शिवाय ती चूल केवळ भाकरी भाजत नाही. बाईने आम्हांस ते बोटावर मोजून दाखविले. आषाढ-श्रावणात ओले कपडे आणि ओले सरपण तिच्यावर सुकते. माळ्यावर टांगलेल्या बियाण्याला धुरामुळे कीड लागत नाही. छपराचे गवत टिकते. अंघोळीचे पाणी तापते. थंडीत म्हातारी माणसे तिच्याभोवती निजतात. गॅस यांतले एकच काम करतो. शहाण्या माणसांनी तिला 'धुराची चूल' असे एकच नाव ठेवले आणि तिची बाकीची कामे कोण करणार, हे कोणी विचारले नाही.

धूर मात्र खरा आहे आणि घातकही आहे. घरातल्या धुरापायी २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसे दगावल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या बाईचे डोळे गढुळलेले होते आणि सून बोलता बोलता खोकत होती. म्हणून चूल जशी आहे तशीच राहो, असे म्हणावयासही आमची जीभ धजत नाही.

१९८३ च्या सुमारास सरकारने 'निर्धूर चूल' गावोगाव नेली. आमच्या पिढीतील वाचकांस तो धुराडे असलेला मातीचा ओटा आठवत असेल. धुराडे काजळीने तुंबले, ते साफ करण्याची सवय कोणी लावली नाही, भांड्याच्या मापाला तोंड जुळेना. चुली फुटल्या आणि शतकाच्या आरंभी ती योजनाही आटोपली. बाईंना विचारून चूल घडविली असती तर कदाचित निराळे झाले असते.

सूर्याचे काय? जव्हार येथे १९७२ पासून कार्य करणाऱ्या प्रगती प्रतिष्ठानासारख्या संस्थांमुळे या भागातील काही पाड्यांवर सौरपंपाने पाणी वर आले आणि हंड्यांची वाट संपली. हे आम्ही पाहिले आहे. त्यासारखे दुसरे पुण्य नाही. पण सौरपत्रा पंचवीस वर्षे टिकतो आणि दिव्याची बॅटरी चार-पाच वर्षांत दम सोडते. ज्या पाड्याने दरमहा वर्गणी काढली आणि दुरुस्तीसाठी पाड्यातलाच तरुण शिकवून ठेवला, तेथे दिवा पुन्हा लागतो. इतरत्र तो पत्रा वाळवणाला उपयोगी पडतो. त्यातही जून ते सप्टेंबर येथे आभाळ उघडत नाही. त्या चार महिन्यांत सूर्यचुलीची गोष्ट साखरशेतला सांगणे व्यर्थ होय.

आणि घरात माणूस तरी कुठे असतो? दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात. होळीला दोन-चार दिवस घरी येतात, पुन्हा जातात. सिलिंडर घरी कुलपात राहते आणि भट्टीवर तीन दगड मांडून शहराच्या विटांशेजारी यांची भाकरी भाजली जाते.

'राबा'चेही असेच. भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमिनीवर फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून जाळावयाचे, हा राब. त्याने तणाचे बी मरते, राखेचे खत मिळते, माती भुसभुशीत होऊन रोप सहज उपटते. ठाणे-कुलाब्याच्या जंगल-तक्रारींसाठी मुंबई सरकारने १८८५ साली जो आयोग नेमला, त्याच्यापुढेही राबाचा तंटा होता. बंदीने राब सुटला नाही. तो सुटू शकेल असा मार्ग डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीने दाखविला: रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख घालावी, शेतात गिरिपुष्पाचा पाला दाबावा. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा तंत्रात तर रोपवाटिकाच नाही. दोन्हींत शेतकऱ्याचे श्रम घटतात. त्याला निषेध नको होता, दुसरा मार्ग हवा होता.

आमचे श्रम कोणी घटविले नाहीत. ते आमचे आम्हांसच करावे लागले. साखरशेतहून परतल्यावर सप्ताहाच्या बैठकीत आम्ही कढईचा विषय काढला. शिर्डीच्या साईसंस्थानाने २००९ साली ७३ मोठ्या सूर्यतबकड्या बसवून वाफेवर हजारोंचा स्वयंपाक सुरू केला, हे उदाहरण दिले. एकाने विचारले, "बुवा, शिर्डीचे दान आपल्या पेटीत पडते का?" दुसऱ्याने लाकडावरच्या आमटीची चव काढली. आचाऱ्याने तर पळी खाली ठेवली. ज्या मंडळींस आम्ही तीस वर्षे वैराग्य सांगितले, त्यांना कढईखालचा जाळ बदलवेना. आणि खरे सांगावयाचे तर आमटीच्या चवीविषयी आमचेही मत आचाऱ्यासारखेच होते.

दोन वर्षे बोलणे चालले. उघड्या जाळात लाकडाच्या उष्णतेचा फार तर सातवा हिस्सा भांड्यास लागतो, हे आम्ही आचाऱ्यास पातेल्यात पाणी तापवून, लाकूड तोलून दाखविले. तेव्हा तो नरमला. आता भट्टीला खाली जाळी, बाजूस भिंत आणि वर धुराडे आहे. भात गॅसवर होतो, आमटी लाकडावर. गेल्या सप्ताहाला सव्वा ट्रॅक्टर लाकूड लागले. ते विकत घेतले त्याची पावती पाहिली, आणि तोड परवान्याची होती की नाही हेही विचारले. उत्तर समाधानकारक मिळाले नाही.

या होळीला आम्ही पुन्हा साखरशेतला जात आहोत. तेथील होळी वर्षातून एकदा पेटते. भट्टीवरून परतलेली माणसे तिच्याभोवती रात्रभर नाचतात. त्या होळीच्या लाकडाविषयी आम्ही चकार शब्द काढणार नाही. बाई भेटली तर सव्वा ट्रॅक्टर हा आकडा तिला सांगावयाचा आहे. ती त्याच्या मोळ्या किती होतात, ते विचारील.