माळढोकचा माळ

सोलापूरहून बार्शीकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर नान्नज लागते. द्राक्ष बागायतदारांना हे गाव सोनाका जातीमुळे ठाऊक, पक्षीनिरीक्षकांना माळढोकमुळे. एकाच शिवारातल्या या दोन ओळखी पुढे एकमेकींच्या आड आल्या.

माळढोकचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढे वजन फार थोड्यांचे. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते. दूरवर नजर पोचेल असा मोकळा माळ हेच तिचे संरक्षण. नाकतोडे, भुंगेरे, सरडे आणि पिकांतले दाणे हा माळढोकचा आहार, त्यामुळे कोरडवाहू ज्वारीचे रान त्याला परके नव्हते. बोअरला पाणी लागले, ज्वारीच्या जागी ऊस आणि द्राक्षबागा आल्या, तसे हे रान त्याच्या हातून गेले. त्यात शेतकऱ्याचा दोष मी मानत नाही. दुष्काळी मुलखात पाणी लागल्यावर बाग कोण करणार नाही?

दोष दिसतो तो आखणीत. १९७९मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतले तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाले. हे क्षेत्र गोव्याच्या दुपटीहून मोठे. त्यात गावे, बाजारपेठा, रस्ते, खासगी शेते, सगळेच आले. पक्ष्याला खरी गरज होती ती त्यातल्या विखुरलेल्या गवताळ तुकड्यांची. जमिनीच्या व्यवहारांना आणि बांधकामांना परवानग्यांची आडकाठी झाली आणि लोकांचा राग मुक्या पाखरावर निघाला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर बरीच कटुता साचली होती.

दुसरी चूक हिरवाईच्या हौसेची. महसुली दफ्तरात माळ म्हणजे पडीक, मग तिथे झाडे लावायची. ग्लिरिसिडिया वाढला की खालची कुसळी, पवन्या ही गवते दबतात, नजर अडते, माळढोक तिथे उतरत नाही. काळवीट आणि चिंकाराही मोकळ्या रानाचेच प्राणी. त्यात विजेच्या तारांची भर पडली. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला तो राजस्थान-गुजरातपुरता. २०२४मध्ये तोही सैल झाला.

देशात आज दीडशेच्या आसपासच माळढोक उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक जैसलमेरच्या बाजूला. तिथल्या प्रजनन केंद्रांत पिल्ले वाढत आहेत. ती कधी महाराष्ट्रात सोडायची ठरलीच, तर आधी माळ तयार हवा: उपरी झाडे काढलेला, विणीच्या काळात चराईला विश्रांती दिलेला आणि त्या बदल्यात धनगरांसाठी चाऱ्याची सोय केलेला. हे काम पक्ष्याची वाट पाहत थांबवण्याचे कारण नाही, कारण लांडगा, काळवीट आणि धाविक आजही याच गवतावर जगत आहेत.