काळ्या मातीतली ऊब आणि ओल

धार आणि देवास या पवारांच्या जुन्या संस्थानांचा बराच मुलूख माळव्याच्या काळ्या मातीचा. बेसॉल्ट झिजून बनलेली ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून अशा जमिनीत इमारतीचे खांब साधारण साडेतीन मीटर खाली, जिथे ओल फारशी बदलत नाही, तिथवर नेऊन तळाशी फुगीर ठेवतात.

तापमानाचेही तसेच. दिवसाची उष्णता अर्ध्या-एक मीटरपर्यंतच पोचते. आठ-दहा मीटरवर वर्षभर जवळपास एकच तापमान राहते, वार्षिक सरासरीच्या आसपासचे. माळव्यातल्याच मांडूच्या चंपा बावडीला लागून असलेली तळघरे उन्हाळ्यात गार राहतात, ती जमीन आणि पाणी या दोन्हींमुळे.

जमिनीच्या याच स्थिर तापमानाचा उपयोग करून घ्यायला ऑस्ट्रियात 1980च्या दशकापासून पायाच्या खांबांतच नळ्या घालून त्यांतून पाणी फिरवतात. उन्हाळ्यात खोल्यांतली उष्णता मातीत सोडायची, हिवाळ्यात परत घ्यायची. खरी मेख ओलीत आहे. खांब तापला की जवळच्या मातीतले पाणी वाफ होऊन थंड भागाकडे सरकते आणि तिथे पुन्हा पाणी बनते. बारीक छिद्रांतून ते केशाकर्षणाने परतते. पण माती फार कोरडी असेल, तर ही वाट तुटते. छिद्रांत हवा शिरते, आणि हवा पाण्याच्या जेमतेम विसाव्या हिश्शाने उष्णता वाहते. खांबाभोवती कोरडे कवच तयार होते, उष्णता तिथेच तुंबते. काळ्या मातीत त्यातच आकसण्याची भर: माती खांबापासून सुटली, तर फट पडते. माळव्यात थंडी थोडी, गारव्याची गरज मोठी. त्यामुळे सोडलेली उष्णता परत काढून घेतली जाणे इथे अवघडच.