रंग हेही भांडवलच

पहिलीतल्या मुलाला जोडाक्षरे नीट वाचता येत नाहीत; पण मधल्या सुट्टीत तो दुकानदाराकडे ‘पिवळा पुडा’ अचूक मागतो. ज्याला अक्षर कळत नाही, त्याला माल रंगावरून कळतो. बिस्किटे, पेन्सिली, गोळ्या यांचे कारखानदार हे जाणून असतात.

विलेपार्ल्यात १९२९ साली सुरू झालेल्या पार्ले कंपनीने १९३९ पासून बिस्किटे काढली. (तेथील जुना कारखाना २०१६ साली बंद झाला. बिस्किटांचा तो वास पार्लेकर विसरलेले नाहीत.) पुढे ग्लुकोज बिस्किटे इतरही काढू लागले, तेव्हा वेष्टणावरून तंटे झाले. पार्लेच्या नोंदणीकृत वेष्टणावर मुलगी, गाई, कोंबड्या होत्या. म्हैसूरच्या एका उत्पादकाचे वेष्टण जवळपास तसेच. खालच्या दोन न्यायालयांनी फरक दाखवून दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९७२ साली पार्लेच्या बाजूने निकाल दिला. आकार, रंगसंगती, चित्र यांचा एकूण ठसा सारखा. आज एक पाहणारा उद्या दुसऱ्याला तेच समजेल, असे न्यायालयाचे म्हणणे. गिऱ्हाईक दोन पुडे शेजारी ठेवून फरक शोधत बसत नाही. शाळकरी गिऱ्हाईक तर नाहीच नाही!

आमचे अनेक वाचक बेकरी आणि खाऊच्या धंद्यात आहेत. चालत्या मालासारखा रंग घेतला की विक्री वाढते, हा सल्ला त्यांना छापखान्यातही मिळतो. खटला झाला तर छापलेली वेष्टणे आणि भरलेला माल दोन्ही अडकतात. त्यापेक्षा वेगळी रंगसंगती निवडावी, १९९९ च्या कायद्याखाली नोंदवावी आणि दर ईद-दिवाळीला बदलू नये.